साडेसहाचं पाणी

उमेळे, ३ एप्रिल २००६

डायरी लिहायची मला सवय नाही. एकतीस वर्षं लोकांचे मीटर वाचले आणि आकडे वहीत भरले, एवढंच माझं लेखन. पण कालचा राग कुठेतरी ठेवायला हवा. बायको ऐकून घेत नाही, म्हणून ही वही काढली.

काल हितेश आला होता चंदनसारहून, खुशीला घेऊन. पोटभर जेवला, हात पुसले आणि नेहमीचं सुरू. "बाबा, किती दिवस या कौलांखाली काढणार? वायरिंग जुनं, घर जुनं, वीज नुसती वाया जाते. फ्लॅटवर या." मी म्हटलं, "वीज वाया जाते हे कोणाला सांगतोस रे? हरेश्वर मीटर रीडरला?" तर हसला. सात वर्षांची नात खुशी पण त्याच्याबरोबर हसली. मला ते लागलं.

आज वाचनालयात गेलो तर भिंतीवर कागद. वसईतली एक ग्राहक संस्था 'ऊर्जादक्ष घर' अशी तपासणी करणार आहे. एकवीस दिवस रोजची मीटरची नोंद ठेवायची, फॉर्म भरायचा, मग त्यांचा माणूस येऊन घर बघणार आणि गुण देणार. सत्तरच्या वर गुण मिळाले की दारावर लावायला पितळी पाटी. मी तिथल्या तिथे नाव दिलं. पाटी लागली की हितेशला जेवायला बोलावणार, आणि दार उघडायच्या आधी पाच मिनिटं बाहेर उभा करणार.

ही म्हणाली, "झालं. घरात बसून खाजवून खरूज काढा आता." भागूबाई हे नाव हिच्या बापानं विचार करूनच ठेवलेलं दिसतं. भाग घेतल्याशिवाय राहत नाही.

५ एप्रिल

तयारीला लागलो. पिवळे बल्ब सगळे काढले, सीएफएल बसवले. न्हाणीतला सुद्धा. हिचं म्हणणं, त्या पांढऱ्या उजेडात माणूस आजारी दिसतो. म्हटलं, न्हाणीत कोण बघायला येतंय?

फ्रिजच्या दारात कागदाची पट्टी अडकवून ओढली. सहज निघाली, म्हणजे रबर गेलं. नवीन आणून बसवलं. इस्त्री आठवड्यातून एकदाच, एका बैठकीत. ट्यूबचे जुने चोक बदलले. टीव्ही रिमोटनं बंद करायचा नाही, भिंतीवरचं बटण दाबायचं. देव्हाऱ्यातल्या छोट्या दिव्याला मात्र हिनं हात लावू दिला नाही. "तुमचे तारे-बिरे गेले खड्ड्यात, देवाला अंधारात ठेवायची नाय." तारे नाहीत, गुण आहेत, असं सांगितलं. ऐकलं नाही.

एक गोष्ट मुद्दाम लिहून ठेवतो. आमच्या मागच्या खोलीत पंखाच लावावा लागत नाही. एप्रिलच्या भर दुपारी खिडकी उघडी टाकली की झोप लागते. माझ्या बापानं दीड फूट जाडीच्या भिंती बांधल्या, त्याचं हे फळ. हितेशच्या फ्लॅटमध्ये दोन पंखे गरगरतात तरी घाम निथळतो. तपासणीवाल्याला ती खोली आधी दाखवायची.

९ एप्रिल

आज सकाळी घरातलं सगळं बंद करून मीटरसमोर खुर्ची टाकून बसलो. चकती थांबली. छान. एवढ्यात कुंपणापलीकडून हाक आली, "हरेश्वर, पानी सोड रे!" मी सवयीनं उठलो, पडवीतला स्टार्टर दाबला, परत येऊन बसलो आणि बघतो तर चकती गरगर, गरगर.

तीस वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण डोळ्यांनी असं समोर बसून पाहिलं नव्हतं.

शेजारची वाडी क्लेमेंटीन बायची. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, सत्तरी ओलांडली. गावात वीज आली तेव्हा खांब आमच्या बाजूला लागला, त्यांचा अर्ज कुठल्या तरी कपाटात राहिला. तेव्हा माझा बाप आणि तिचा नवरा सिप्रियन कुंपणाशी उभे राहून बोलले. वीज तुमची, पाणी आमचं. त्यांच्या विहिरीवर पंप बसला, वायर आमच्या मीटरवरून गेली, बटण आमच्या पडवीत. साडेसहाला त्यांच्याकडून हाक यायची, आम्ही बटण दाबायचं. वाडी भिजायची, जाता जाता आमची टाकी भरायची. दोघे गेले, हाक राहिली. आधी सिप्रियनची होती, आता बायची.

पण आमच्याकडे नळ येऊन चार वर्षं झाली. त्यांचं पाणी आम्ही घेत नाही. वीज मात्र आमची जाते. घर रोजचे अडीच युनिट खातं आणि पंप एकटा दीड. सगळ्या बल्बांची माती झाली.

त्याहून वाईट म्हणजे फॉर्ममधला अकरावा प्रश्न. 'आपल्या मीटरवरून अन्य जागेस वीज दिली जाते काय?' वाचून कानशिलं गरम झाली. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या अशा वायरी शोधून लिहून दिल्या. आणि मीटर रीडरच्याच घरातून शेजारी वायर! हो म्हणून लिहू? चारचौघात वाचतील.

हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "बायचा पोरगा वॉल्टर कुवेतवरून दर आठवड्याला फोन करतो, वाडी विक म्हनून. बाय काय सांगते त्याला, ठाव हाय? वाडीला पानी लागतंय तोवर मी हलायची नाय. त्यानं पन कबूल केलंय, पानी असेपर्यंत विषय काढनार नाय. तुमच्या बटनावर बसलीय ती बाई." मी म्हटलं, मी काय वाडी विकायला सांगतोय? ती नवीन कनेक्शन घेईल.

११ एप्रिल

सांगून आलो.

सकाळभर शब्द जुळवत होतो. ती ओट्यावर सोनचाफ्याची फुलं मोजून पुड्या बांधत होती, बाजारासाठी. मला बसायला पाट दिला. मी म्हटलं, "बाय, ती वायर काढावी लागणार. तपासणी आहे. हे नियमात बसत नाही. मला नोटीस येऊ शकते."

नोटीस येऊ शकते, हे काही खोटं नाही. कोणालाही कसलीही नोटीस येऊ शकते.

तिचे हात थांबले. "नोटीस? तुला? रिटायर झाल्यावर?" मी मान हलवली. "मग काढ बाबा. तुला तरास नको." आणि परत फुलं मोजायला लागली. पण चुकली असणार, कारण बांधलेली पुडी सोडून पुन्हा पहिल्यापासून मोजली.

मी किती भांडणाची तयारी करून गेलो होतो. काहीच झालं नाही. दुपारी वायर काढली, गुंडाळून माळ्यावर टाकली. हिनं रात्री माझं ताट वाढलं आणि स्वतः आत जाऊन जेवली.

१२ एप्रिल

नोंदीचा पहिला दिवस. २.४ युनिट. एकदम स्वच्छ आकडा.

साडेसहाला मी पडवीतच होतो. हाक आली नाही. येणार नव्हतीच. तरी सात वाजेपर्यंत तिथेच काहीबाही आवरत बसलो.

१६ एप्रिल

आज त्यांचा पास्काचा, म्हणजे ईस्टरचा सण. वाटलं होतं यंदा ताट येणार नाही. चर्चमधली मिस्सा आटोपून, रेशमी लुगडं नेसून बाय स्वतः घेऊन आली. केक, आणि दर वर्षीची सुकेळी. राजेळी केळी उन्हात वाळवून पानात बांधलेली. अशी तिच्याशिवाय कोणाला जमत नाहीत. म्हणाली, "हरेश्वर, आली का रे नोटीस?" मी म्हटलं, अजून नाही. "नको येऊ दे. मी फादरला सांगितलंय प्रार्थनेत घ्यायला."

सुकेळी मी परत पानात गुंडाळून ठेवली. ही माझ्याकडे बघत होती आणि मी केकचं कौतुक करत होतो.

पहाटेपासून त्यांच्या विहिरीवरची कप्पी करकरते. बाय दोरीनं पाणी शेंदते. एक कळशी, मग दुसरी. अर्ध्या एकराच्या वाडीला ते काय पुरणार? पण माणसाला सांगायचं कोणी? मागच्या खोलीची खिडकी बरोबर विहिरीच्या बाजूला उघडते. आवाजानं झोप मोडते म्हणून आजपासून ती खिडकी बंद ठेवली.

१९ एप्रिल

२.९ युनिट. कुठून वाढले? सगळं घर तपासलं. मग ट्यूब पेटली. मागच्या खोलीत दुपारी पंखा लावतोय मी, चार दिवस झाले. यंदा उन्हाळाच कडक आहे.

२१ एप्रिल

भांडण झालं. ही रोज सकाळी तासभर गायब असते. आज विचारलं तर पदर खोचून उभी राहिली. "पानी शेंदते बायच्या वाडीत. तिचा उजवा हात वर जात नाय आता. तुम्ही आकडे लिहा." मी म्हटलं, मला काय दगड समजतेस? "दगड बरा," म्हणाली, "दगडावर धुनी तरी धुता येतात."

मग मीही पेटलो. वसईला गेलो, वीज कार्यालयात जाऊन शेतीपंपाच्या नवीन कनेक्शनचा फॉर्म आणला. जुन्या ओळखीतल्या एकाला विचारलं, किती दिवस? तो म्हणाला, सध्या लोडशेडिंगची बोंब आहे, नवीन खांब पावसाळ्यानंतर. फॉर्म मी स्वतः भरून बायची सही घेतली. तिनं सही करताना विचारलं, "पावसानंतर? मग पावसात पानी लागतं कुठं?" मी म्हटलं, पुढच्या उन्हाळ्याची सोय होईल. ती म्हणाली, "हां, पुढच्या."

काही का असेना, मी माझं काम केलं. आता कोणी बोट दाखवू शकणार नाही.

२९ एप्रिल

केळीची बाग माना टाकून उभी आहे. मोगरा तर गेलाच. मोठ्या झाडांना काही झालं नाही, आंबा आणि जांभूळ त्यांच्या मुळावर उभे आहेत. सोनचाफ्याची पानं गळताहेत. हे सगळं मागच्या अंगणातून कपडे काढताना दिसलं. मुद्दाम बघायला गेलो नव्हतो.

एक चांगली गोष्ट घडली. आज वाडीत दोन माणसं टेप लावून मोजत होती. एकाच्या हातात नकाशा. म्हणजे माझा अर्ज हलला! जुन्या ओळखीचा उपयोग होतो तो असा. मी कुंपणापाशी जाऊन सांगितलं, "खांब या कोपऱ्यातून घ्या, जांभळाच्या फांद्या आड येणार नाहीत." त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. नकाशावाला म्हणाला, "काका, फांद्यांची काळजी करू नका." नम्र होता मुलगा.

हिला आनंदानं सांगितलं. ही कळशी उचलून वाडीकडे गेली. सध्या तिचं असंच चाललंय.

२ मे

एकवीस दिवस पुरे. सरासरी २.६. खिडकी बंद केली नसती तर अडीचच राहिली असती. फॉर्म पूर्ण भरला. अकराव्या प्रश्नापुढे ठसठशीत 'नाही' लिहिलं. खोटं काही नाही त्यात.

७ मे

नीट लिहायला हवं. 

दुपारी दोनला तपासणीला मुलगी आली. ऋतिका नाव, इंजिनीयर, पंचविशीची असेल. पाठीवर सॅक, गळ्यात ओळखपत्र. मी तिला बल्ब दाखवले, फ्रिजचं रबर दाखवलं, टीव्हीचं बटण दाखवलं. ती "छान काका, छान काका" म्हणत खुणा करत होती. देव्हाऱ्यातला दिवा पाहून हसली. "असू दे, त्याचे गुण कापत नाही." ही माझ्याकडे बघून गालात हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

मग तिनं थर्मामीटर काढला. बाहेर छत्तीस. पुढच्या खोलीत चौतीस. मी म्हटलं, आता मागच्या खोलीत चला, तिथे गंमत दाखवतो, माझ्या वडिलांनी दीड फुटी भिंत बांधलीय. मागच्या खोलीतही चौतीस भरले. मला पटेना. मी म्हटलं, तुमचं यंत्र चुकतंय. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "ही खिडकी बंद का?" मी काही बोलायच्या आत तिनं ती उघडली.

वारा आत आला. कॅलेंडरची पानं हलली. ती टेकून उभी राहिली, दहा मिनिटांनी थर्मामीटर पुढे केला. तीस.

"भिंत नाही काका," ती म्हणाली. "पुढच्या खोलीला पण तीच भिंत आहे की. तुमच्या पश्चिमेला ही एवढी झाडी आहे. आंबा, जांभूळ, माड. दुपारचं ऊन तुमच्या कौलांवर पडतच नाही. आणि खालची जमीन ओली असते ना? तो वारा गार होऊन आत येतो. तुम्हाला वर्षभर मागे पंखा लागत नाही तो यांच्यामुळे. माझ्या यादीत सावली आणि वाऱ्याला पंचवीस गुण आहेत. पैकीच्या पैकी देते. कोणाची वाडी ही?"

मी म्हटलं, शेजारणीची. "त्यांना सांगा, पाणी घालत राहा म्हणावं. केळी सुकलेली दिसतात."

बापाच्या भिंतीचं मी साठ वर्षं कौतुक केलं. झाडं रोज समोर होती.

शेवटी ती फॉर्म चाळायला लागली. पडवीत स्टार्टर दिसला होता तिला. "काका, हा पंपाचा ना? मग पंपाचे युनिट मागच्या पानावर लिहिले नाहीत तुम्ही." मी विचारलं, कुठलं मागचं पान? तिनं फॉर्म उलटा केला. रकाना होता. 'शेती, विहीर वा घराबाहेरील वापर: एकूणातून वजा करावा.' मी म्हटलं, पण अकरावा प्रश्न? ती म्हणाली, "तो माहितीसाठी आहे, त्याला गुण नाहीत. शेजारी पाणी देता का, याच्याशी आम्हाला काय करायचंय? आम्ही घर बघायला येतो काका, धाड घालायला नाही."

एकतीस वर्षं मी हजारो मीटर वाचले. एकही आकडा चुकला नाही असं साहेब निरोपाच्या दिवशी म्हणाले होते. कागद मात्र उलटून बघितला नाही.

मुलगी गेल्यावर ही पडवीत उभी होती. मी म्हटलं, उद्या सकाळी वायर जोडतो. "जोडा," ती म्हणाली. "बैल गेला नि झोपा केला." मला वाटलं, सुकलेल्या केळींबद्दल बोलतेय.

८ मे

साडेसहाला वायर खांद्यावर टाकून गेलो. बाय ओट्यावर नुसतीच बसली होती. फुलं नव्हती. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या हातानं दाबत होती.

मी म्हटलं, "बाय, सगळं मिटलं. तपासणी झाली. पंप चालू करू या, आत्ता."

तिनं पाट पुढे सरकवला. मग म्हणाली, "बस रे. दमलास तू." मी बसलो. "परवा शनवारी सही केली मी. वॉल्टरनं कागद पाठवले ते. पंधरा दिवस तो रोज फोन करतो, ममी पानी बंद झालं ना, आता कबूल कर. मी किती दिवस सांगू, भागू शेंदते म्हनून?"

मी विचारलं, ती टेपवाली माणसं? "बिल्डरची. तू त्यांना खांब कुठं घ्यायचा ते सांगितलंस म्हने," आणि ती खरोखर हसली. "मला वाटलं, याला कोनी सांगितलं नाय वाटतं."

मी म्हटलं, मला एकदा विचारायचं होतंस. एक शब्द टाकायचा होतास. तेव्हा ती जे बोलली ते मी शब्द न बदलता लिहितो. "कसं इचारनार? तुला नोटीस येनार होती. तू नाय म्हनू शकला नसतास, वायर परत जोडली असतीस, आनि तुझं पेन्शन अडकलं असतं. सिप्रियन असता तरी त्यानं हेच केलं असतं. तुझ्या बापानं आमाला पानी दिलं, मी काय तुझा घास काढू?"

नोटीस येणार नव्हती. हे मी तिथे बोलायला हवं होतं.  वायर घेऊन परत आलो.

हिला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, "बायनं सांगू नको म्हनून शपथ घातली होती. तुम्हाला वाईट वाटंल म्हनून." मग चुलीकडे तोंड करून रडली. मला रडताही येईना.

९ मे

वॉल्टरचा नंबर हिच्याकडून घेऊन एसटीडी बूथवरून कुवेतला फोन लावला. म्हटलं, मी पंप परत देतो, तू व्यवहार थांबव. तो चांगला बोलला. "हरेश्वर अंकल, तुमची काय चूक? सरकारी नियम. ममीचा हात बघितलाय का तुम्ही? आता हे टोकन घेतलंय, माघार नाही घेता येत." सरकारी नियम, हे तो तीनदा म्हणाला. मी तीनदा हं म्हटलं.

२० मे

निकाल आला. ८१ गुण. पितळी पाटी घेऊन संस्थेचा माणूस आला, स्वतःच ड्रिलनं लावून गेला. हितेश खुशीला घेऊन आला. "बाबा, मान गये," म्हणाला. मी त्याला बाहेर उभा केला नाही.

३१ मे

पाऊस यायच्या आत जमीन मोकळी करायची म्हणून घाई चाललीय. आज जांभूळ पाडलं. उद्या आंबा. बाय चार दिवसांपूर्वीच नालासोपाऱ्याला वॉल्टरच्या फ्लॅटवर गेली. जाताना कुंपणापाशी आली होती. मी न्हाणीत होतो. खरं लिहितो, न्हाणीत नव्हतो, आत जाऊन बसलो होतो.

११ मार्च २००७

बरेच महिने वही उघडली नाही. लिहिण्यासारखं नव्हतं.

पश्चिमेला चार मजले उभे राहिले आहेत, अजून काम चालू आहे. दिवसभर सिमेंटची धूळ, म्हणून मागची खिडकी कायमची बंद. समोरच्या सिमेंटच्या भिंतीचा ताव संध्याकाळपर्यंत घरात येतो. फेब्रुवारीतच मागच्या खोलीत चौतीस. हिचं ब्लडप्रेशर वाढलं तसा हितेशनं एसी आणून बसवला. मी नको म्हणू शकलो नाही. काल मीटर वाचला, दिवसाचे नऊ युनिट. पाटी अजून दारावर आहे. येणारेजाणारे वाचतात.

८ एप्रिल २००७

पास्का. यंदा ताट आलं नाही, कोण आणणार? म्हटलं आपण जाऊ. आगाशीला जाऊन सुकेळी विकत घेतली, बायच्या हाताची सर नाही, आणि नालासोपाऱ्याला गेलो. एकटाच. हिला सांगितलं, मला बायला एक गोष्ट सांगायची आहे. हिनं विचारलं नाही कुठली. फक्त म्हणाली, "सांगा. उशीर झालाय, पन सांगा."

तिसरा मजला, जिना अरुंद. बाय वाळली आहे. उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. मला पाहून एवढी खूश झाली की शेजारच्या बाईला हाक मारून बोलावलं. "हा बघ, हाच तो हरेश्वर. तीस वर्सं आमच्या वाडीला पानी दिलं यानं. कधी चुकला नाय. सरकारनं बंद पाडलं, नायतर आजपन दिलं असतं." ती बाई मला नमस्कार करून म्हणाली, अशी माणसं आता कुठे राहिलीत काका.

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण ती बाई समोर उभी, बाय माझ्याकडे अशा अभिमानानं बघतेय. मी चहा मागितला.

गॅलरीत तेलाच्या एका डब्यात तिनं सोनचाफ्याची फांदी लावली आहे. वाडीतून जाताना तोडून आणलेली. तीन पानं आली आहेत. त्या इमारतीत नळाला पाणी दिवसातून एकदा येतं, संध्याकाळी अर्धा तास. नळ गॅलरीच्या कोपऱ्यात, उंचावर. मी निघायला उठलो तेवढ्यात पाइपात गुरगुरलं. तिचा हात पोचत नव्हता. खुर्चीवरूनच म्हणाली, "हरेश्वर, पानी सोड रे!"

मी घड्याळ पाहिलं. साडेसहा वाजले होते. नळ सोडला, नळी डब्यात धरली आणि डबा भरेपर्यंत उभा राहिलो. सांगायचं ते राहिलं.